बावीस डबे, छत्तीस फ्रेम

कोरमंगलात रेल्वे नाही. आठ ब्लॉक आहेत, सेंट जॉन्स हॉस्पिटल आहे, १९९७च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं गेम्स व्हिलेज आहे. २००७ साली पुस्तकं विकायला निघालेली फ्लिपकार्ट इथलीच. रूळ मात्र नाही. रेल्वेचे फोटो काढायचे तर इथल्या माणसाला सर्जापूर रस्ता धरून अगरा आणि इब्लूर ओलांडावं लागतं. दहा-बारा किलोमीटरवर कार्मेलराम स्टेशन लागतं. सकाळी आठनंतर हे अंतर किती वेळ खाईल, ते सांगायला बंगळुरूत कोणी धजत नाही. त्यामुळे हा छंद पहाटेचा.

कार्मेलराम बैयप्पनहळ्ळी ते होसूर मार्गावर आहे. बेळ्ळंदूर रोड, कार्मेलराम, हीललिगे, आनेकल रोड, होसूर असा क्रम. पुढे धर्मपुरीवरून सेलम. एकेकाळचा हा मीटरगेज मार्ग नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला, अलीकडे त्यावर विजेच्या ताराही आल्या. डिझेल इंजिनांसाठी रेल्वेवेड्यांत नावाजलेलं कृष्णराजपुरम शेड इथून लांब नाही. मोबाइलमध्येच बरा कॅमेरा असताना काही लोक या मार्गावर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे फिल्म कॅमेरे घेऊन जातात. त्यांच्यातला वाद ठरलेला असतो: रेल्वेसाठी कॅमेरा कोणता आणि लेन्स कोणती?

ही चर्चा बहुतेक वेळा ब्रँडच्या नावांनी सुरू होते आणि तिथेच अडकते. निकॉनवाले एका बाजूला, कॅननवाले दुसऱ्या, आणि लायकावाले थोडे वर. खरं तर आधी विचारायला हवं की तुम्हाला उभं कुठे राहता येणार आहे. लेन्स म्हणजे रुळापासूनचं अंतर, आणि भारतात ते अंतर फोटोग्राफर ठरवत नाही. ते रेल्वेचा कायदा ठरवतो, कंपाउंडची भिंत ठरवते आणि तारांचे खांब ठरवतात.

साधा हिशेब करून पाहू. ३५ मिमी फिल्मची फ्रेम ३६ मिलिमीटर रुंद असते. ५० मिमीची लेन्स लावून रुळापासून १०० मीटरवर उभं राहिलं, तर चौकटीत ७२ मीटर रुंदी मावते. योगायोग असा, की सरळ मार्गावर तारांच्या दोन खांबांमधलं अंतर जास्तीत जास्त ७२ मीटरच असतं. म्हणजे एका गाळ्यात नव्या धाटणीचे तीन एलएचबी डबे. बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. ती बाजूने अख्खी घ्यायची तर याच लेन्सने सातशे मीटरहून दूर जावं लागेल. दौंड-सोलापूरच्या माळावर हे जमू शकतं. कार्मेलरामच्या आसपास सातशे मीटर मागे गेलं की रुळाच्या आणि आपल्या मध्ये दोन गृहसंकुलं उभी असतात.

मग २८ मिमीची रुंद लेन्स घ्यावी का? फलाटावर गाडी पाच-सात मीटरवर असते. तिथे ती लेन्स इंजिनाचं नाक फुगवते आणि शेपूट टाचणीएवढी करते. काहींना हा नाट्यमयपणा आवडतो. प्रस्तुत लेखकाला त्या फोटोंत इंजिन कमी आणि लेन्स जास्त दिसते.

दुसरं टोक १३५ मिमीचं, किंवा त्याहून लांब. लांब लेन्समध्ये मागचे डबे पुढच्या डब्यांवर रचल्यासारखे दिसतात, गाडी भरगच्च वाटते. याचं सर्वांत प्रसिद्ध भारतीय उदाहरण म्हणजे स्टीव्ह मॅककरी यांचा १९८३ सालचा आग्र्याचा फोटो. पुढे वाफेचं इंजिन, त्यावर माणसं, आणि मागे धुरकट ताजमहाल, जणू यार्डाला लागूनच. मॅककरी तेव्हा नॅशनल जिओग्राफिकसाठी उपखंडातल्या रेल्वेवर काम करत होते. पॉल थेरॉ यांच्या मजकुरासह तो लेख जून १९८४च्या अंकात आला. ताज आणि इंजिन इतके जवळ दिसतात त्यामागे उभं राहायच्या जागेची निवड आहे. दूरवर उभं राहिलं की पुढची आणि मागची वस्तू यांच्या आकारातला फरक कमी होतो. लेन्स फक्त त्यातला हवा तो तुकडा कापून देते.

पण लांब लेन्सची एक वाईट खोड आहे. ती माणसाला रुळांच्या मध्ये उभं राहायला खुणावते, कारण समोरून येणारी गाडी तिथूनच सर्वांत भारदस्त दिसते. रेल्वे कायदा, १९८९च्या कलम १४७ खाली रुळांवर असं शिरणं हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी लेन्समधून पाहताना गाडी किती वेगाने जवळ येतेय याचा अंदाज येत नाही. फलाटाच्या टोकाला, उताराच्या अलीकडे, प्लॅटफॉर्म तिकीट खिशात ठेवून आणि स्टेशन मास्तरांना आधी विचारून उभं राहणाऱ्याला १०५ किंवा १३५ मिमीमध्ये येणारी गाडी छान मिळते, मार्गाला वळण असेल तर मागचे डबेही दिसतात. पादचारी पुलावर जाताना धातूचा ट्रायपॉड उंच धरू नये. खालून २५ हजार व्होल्टची तार गेलेली असते.

आता शटर. रेल्वेच्या फोटोत सगळी गंमत आणि सगळी फसगत इथेच असते.

ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. १/५०० सेकंदात ती साडेपाच सेंटीमीटर पुढे सरकते. ५० मिमी लेन्सने वीस मीटरवरून बाजूने फोटो काढला, तर फिल्मवर हे सरकणं ०.१४ मिलिमीटर होतं. ३५ मिमी फिल्मवर साधारण ०.०३ मिलिमीटरपर्यंतची अस्पष्टता डोळा चालवून घेतो. म्हणजे बाजूने काढलेला हा फोटो हललेला दिसणारच. पण तुम्ही रुळाच्या रेषेशी पंधरा अंशांचा कोन करून, समोरून येणारी गाडी तिरकस घेतली, तर त्याच १/५०० सेकंदात ते सरकणं ०.०३६ मिलिमीटरवर येतं. १/१००० ला त्याच्या निम्म्यावर.

जगभरच्या रेल्वे फोटोंमध्ये हा तिरकस कोन इतका सरसकट का दिसतो, त्याचं एक कारण या आकड्यांत आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रपट दाखवले गेले, त्यात स्टेशनात येणाऱ्या गाडीचंही एक होतं. ला सिओताच्या फलाटावरच्या त्यांच्या गाजलेल्या चित्रपटातही गाडी चौकटीत कोपऱ्यातून तिरकी शिरते. आजही कार्मेलरामच्या फलाटावर उभं राहणारा माणूस आपसूक तोच कोन पकडतो.

बाजूने जाणारी गाडी गोठवायचीच असेल तर निकॉन एफएम२ हा १९८२चा कॅमेरा कामी येतो, कारण तो १/४००० पर्यंत जातो. त्या वेगाला वरच्या उदाहरणातलं सरकणं ०.०१७ मिलिमीटर, म्हणजे नगण्य. मात्र यात एक मेख आहे. त्या काळचे रेल्वेवाले कोडाक्रोम ६४ ही स्लाइड फिल्म वापरत. भर उन्हात तिला १/५०० ला एफ ५.६ लागायचं. १/४००० ला जायचं तर लेन्स एफ २ पर्यंत उघडावी लागे. तेवढी उघडी लेन्स कडांना मऊ पडते आणि फोकसची जरासुद्धा चूक माफ करत नाही. म्हणजे कॅमेऱ्याचा सर्वोच्च वेग फिल्ममुळे बराचसा शोभेचाच राहायचा. आज ४०० आयएसओची निगेटिव्ह घातली, तर त्याच उन्हात १/४००० ला एफ ५ च्या आसपास जागा मिळते. पन्नास वर्षांपूर्वीचा छंद आणि आजचा छंद यांतला हा फरक लोक सहसा लक्षात घेत नाहीत, आणि जुन्या रेल्वेवाल्यांचे सल्ले जसेच्या तसे वापरतात.

शटर कुठल्या दिशेने धावतं, यालाही महत्त्व आहे. पेंटॅक्स के१०००, लायका एम३, सोव्हिएत झेनिट या कॅमेऱ्यांत कापडी पडदा आडवा सरकतो. वेगवान फोटोत तो सगळी फिल्म एकदम उघडत नाही. एक फट या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. तेवढ्या वेळात धावत्या गाडीची प्रतिमा वरच्या उदाहरणात फिल्मवर जवळपास एक मिलिमीटर सरकलेली असते. प्रतिमा आणि पडदा एकाच दिशेने गेले तर गाडी किंचित लांबते, उलट गेले तर आखडते. एफएम२चा धातूचा पडदा उभा आणि बराच जलद जातो, त्यामुळे डबे लांबत नाहीत, तर केसभर कलतात. ही विकृती उघडी पाहायची असेल तर झाक आंरी लार्तिग यांचा १९१२च्या ग्रांप्रीतला फोटो पाहावा: मोटारीचं चाक पुढे झुकलेलं अंडाकृती, आणि कडेचे प्रेक्षक मागे कललेले. ३५ मिमीच्या कॅमेऱ्यात ते इतकं ठळक नसतं, पण खिडक्यांच्या चौकटी मोजणाऱ्या रेल्वेवेड्याच्या नजरेला ते लागतं.

हॅसलब्लाड ५००सी, रोलायफ्लेक्स, यशिका मॅट १२४जी किंवा मामिया ७ यांच्या लेन्समध्येच पाकळ्यांचं शटर असतं. ते सगळी चौकट एकत्र उघडतं, म्हणून गाडी जशीच्या तशी येते. वेग मात्र १/५०० ला संपतो. फ्लॅश कुठल्याही वेगाला चालतो, हा त्यांचा खरा फायदा.

तो फायदा ओ. विन्स्टन लिंक यांच्याइतका कुणी उपटला नसेल. न्यूयॉर्कच्या या जाहिरात-फोटोग्राफरने १९५५ ते १९६० दरम्यान नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं रात्री टिपली. ४ बाय ५ इंच फिल्मचे मोठे कॅमेरे, मैदानभर पसरलेल्या तारा आणि त्यांना जोडलेले डझनावारी फ्लॅश बल्ब. बल्ब एकदाच पेटतो, त्यामुळे एका गाडीमागे एकच संधी. १९५६च्या त्यांच्या ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ या फोटोत ड्राइव्ह-इन थिएटरमध्ये मोटारीत बसलेलं जोडपं, पडद्यावर विमान आणि मागून धडधडत जाणारी मालगाडी आहे. फ्लॅशच्या उजेडात सिनेमाचा पडदा पांढराफटक झाला होता. विमान प्रिंट करताना दुसऱ्या निगेटिव्हमधून बसवलं. लिंक यांच्याकडे रेल्वेची परवानगी होती आणि गाडीचे लोक त्यांना ओळखत. आपल्याकडे रात्री लोको पायलटच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं हा निव्वळ आगाऊपणा आहे. रात्रीची हौस असेल तर फलाटावरच्या दिव्यांत, ट्रायपॉडवर, शटर ‘बी’वर ठेवून जाणाऱ्या गाडीच्या प्रकाशरेषा घ्याव्यात. इथे यांत्रिक शटरचे कॅमेरे उजवे ठरतात. कॅनन एई-१ सारख्या कॅमेऱ्याचं शटर बॅटरीवर चालतं. ती संपली की हातात ठोकळा उरतो.

व्ह्यूफाइंडरबद्दल कमी बोललं जातं, पण गाडी पकडण्यात तोच अर्धं काम करतो. एसएलआरमध्ये बटण दाबताच आरसा वर जातो आणि डोळ्यापुढे अंधार होतो. जो क्षण फिल्मवर आला तो फोटोग्राफरने पाहिलेलाच नसतो. रेंजफाइंडरमध्ये चौकटीबाहेरचंही दिसतं. गाडी डावीकडून शिरतेय, इंजिन अजून रेषेच्या बाहेर आहे, आता आत आलं, हे सगळं उघड्या डोळ्यांनी. १३५ मिमीला मात्र लायकातली चौकट इतकी लहान होते की इंजिनाऐवजी अंदाजच फोकस करावा लागतो. यशिका मॅटसारख्या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यात वरून पाहताना चित्र उजवं-डावं उलटतं. गाडी डावीकडून येते आणि काचेवर ती उजवीकडून शिरते. तिच्यामागे कॅमेरा फिरवायला गेलेला नवखा हमखास उलट वळतो. यावर उपाय त्या कॅमेऱ्यातच आहे. वरच्या झाकणाचा पुढचा भाग आत दुमडला की थेट पाहायची चौकोनी खिडकी उघडते. ती कित्येक मालकांनी कधी उघडलेलीच नसते.

फोकसची काळजी मात्र लोक उगाच करतात. गाडी रूळ सोडून कुठे जाणार नाही. तारांच्या प्रत्येक खांबावर नंबर असतो. त्यातला एक निवडावा, त्याच्या पायाशी फोकस करून ठेवावं आणि इंजिन तिथे आलं की बटण दाबावं. ५० मिमी लेन्स एफ ५.६ ला वीस मीटरवर लावली, तर साडेआठ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. १३५ मिमीला साठ मीटरवर लावली तर सुमारे ३९ ते १३५ मीटर. ऑटोफोकसची या कामात गरज पडत नाही. मोटर ड्राइव्हचीही फारशी नाही. निकॉन एफ३ला एमडी-४ जोडलं की सेकंदाला सहापर्यंत फ्रेम निघतात आणि सहा सेकंदांत रोल खलास. तेवढ्यात ताशी १०० ची गाडी १६७ मीटर गेलेली असते, म्हणजे सात-आठ डबे.

भारतातल्या सर्वसाधारण घरात निकॉन-लायका आले ते परदेशातल्या काका-मामांच्या सामानातून. घरचा कॅमेरा असायचा आग्फा क्लिक-३, बडोद्यात बनणारा. १२०च्या रोलवर बारा चौकोनी फोटो आणि शटरचा वेग साधारण १/५०. ताशी १०० ची गाडी तेवढ्यात अर्ध्या मीटरहून जास्त पुढे जाते. म्हणून त्या काळच्या अल्बमांत रेल्वे असते ती थांबलेली, खिडकीतून हात हलवणाऱ्या पाहुण्यांसकट. कृष्णधवल फिल्म ‘इंदू’ची. ती बनवणारा हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना १९६०च्या स्थापनेनंतर १९६७ पासून उटीत चालू झाला आणि आता बंद आहे. दात्यांच्या रुळावर वाफेचं इंजिन चढणारी निलगिरी रेल्वे जिथे संपते, त्याच गावात देशाची फिल्म बनत होती, हा योग रेल्वेवाल्यांनी जेवढा साजरा करायला हवा तेवढा केलेला नाही.

क्लिक-३ ला महाराष्ट्रात एक गिऱ्हाईक मात्र शोभलं असतं: नॅरोगेज. मूर्तिजापूरहून यवतमाळला जायची त्या शकुंतला गाडीचं मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत सेवेत होतं. ताशी वीसच्या चालीने जाणारी गाडी तिरकस घेतली तर साधा कॅमेराही ती धरतो. भोर घाटाचंही तसंच. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या घाटात सदतिसास एक चढ आहे. मागे बँकर इंजिनं लावून गाड्या चढतात आणि उतरताना त्यांना वेग कमी ठेवावा लागतो. इथे १/२५० पुरतं, म्हणून जड मध्यम फॉरमॅटचा कॅमेरा आणि सावकाश फिल्म यांना इथेच खरा न्याय मिळतो. बंगळुरूहून मुंबईला जाणारी उद्यान एक्सप्रेस याच घाटातून उतरते. कोरमंगलातला मराठी माणूस गावी जाताना वरच्या बर्थवर झोपून जे चुकवतो ते हेच.

बंगळुरूच्या उजेडाचा वेगळा विचार करायला हवा. शहर १३ अक्षांशावर आहे. एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. छताचा कठडा चमकतो आणि डब्याची बाजू काळीठिक्कर पडते. होसूर मार्ग साधारण उत्तर-दक्षिण जातो, म्हणून सकाळी पूर्वेच्या बाजूने आणि संध्याकाळी पश्चिमेच्या बाजूने उभं राहावं. जून ते सप्टेंबर ढग सहसा हटत नाहीत. तीन-चार स्टॉप उजेड गेला की कमी आयएसओच्या फिल्मने वेगवान गाडी घेणं सोडून द्यावं आणि ४०० ची कृष्णधवल निगेटिव्ह भरावी. पांढरी वंदे भारत आली की मीटर फसतो, गाडी राखाडी येते. एक स्टॉप जास्त द्यावा.

स्लाइड फिल्मला मीटरच्या अशा चुकीची सूट कधीच नव्हती. तरीही रेल्वेवाल्यांचा जीव तिच्यावरच होता. १९३५ साली आलेलं कोडाक्रोम कोडॅकने २००९ मध्ये बंद केलं. ते धुणारी शेवटची प्रयोगशाळा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली ड्वेन्स फोटो, ३० डिसेंबर २०१० पर्यंत रोल घेत होती. मॅककरींनी शेवटचा रोल तिथेच धुऊन घेतला, त्यातल्या काही फ्रेम भारतात काढलेल्या होत्या. शेवटच्या आठवड्यांत आर्कान्सातला एक रेल्वे कर्मचारी आपले १,५८० रोल घ्यायला मोटारीने तिथे पोहोचला. त्याने धुण्याचे १५,७९८ डॉलर मोजले होते, आणि स्लाइडमध्ये होत्या फक्त रेल्वेगाड्या.

कोरमंगलातल्या नवख्याने इतकं काही करायची गरज नाही. चालू स्थितीतला एक यांत्रिक एसएलआर, ५० मिमी, आणि जमल्यास १०५ किंवा १३५. रेंजफाइंडर मिळाला तर उत्तम, पण त्यासाठी महागाचं नाव हवंच असं नाही. मध्यम फॉरमॅट घाटासाठी राखून ठेवावा.

एक गोष्ट मात्र बदलू घातली आहे. बंगळुरूच्या उपनगरी रेल्वेची कनक मार्गिका हीललिगेहून राजानुकुंटेपर्यंत जायची आहे, म्हणजे याच पट्ट्यातून, आणि तिचा काही भाग उन्नत असेल. खांबांवरच्या रुळांवरून जाणारी गाडी खालून घ्यायला कॅमेरा वर उचलला, की खांब आतल्या बाजूला कलतात. लिंक यांच्या मोठ्या कॅमेऱ्यात लेन्स वर सरकवून हे सरळ करता यायचं. ३५ मिमीवाल्यांसाठी निकॉनने साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच सरकती ३५ मिमी पीसी-निक्कोर बाजारात आणली होती. इमारतींचे फोटो काढणाऱ्यांनी ती वापरली, रेल्वेवाल्यांनी जवळपास नाहीच. आता जुन्या बाजारात तिचा भाव बघून ठेवायला हरकत नाही.